पेटीअप्पांचे हात

पेटीअप्पांच्या जीपमध्ये पुढची सीट माणसांसाठी नव्हतीच. तिथं त्यांची बाजाची पेटी बसायची, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली आणि दोरीनं नीट बांधलेली. एकदा तालुक्याचे कुणी साहेब पुढचं दार उघडून उभे राहिले. अप्पा अदबीनं म्हणाले, "सायेब, मागं बसा. हितं बाई बसल्यात." साहेबांनी वाकून पेटीकडं पाहिलं आणि मुकाट्यानं मागं जाऊन कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बसले. याच जीपनं मी रोज कमलनगरला हायस्कुलात जायचे.

अप्पांना सगळं जग सुरात ऐकू यायचं. जीप बिघडली की मेस्त्रीला सांगायचे, "तिसऱ्या गिअरला गंधार उतरायलाय, बघ जरा." मेस्त्री बिचारा आधी जीपकडं आणि मग माझ्याकडं बघायचा. मी फिदीफिदी हसायचे.

जत्रेत भजनाची स्पर्धा व्हायची. अप्पांचं आमचं मंडळ विरुद्ध शेजारच्या चिंताकी गावाचं. आम्ही दरवर्षी हरायचो, अगदी न चुकता. आमच्याकडं रीत अशी की हरलेल्या मंडळानं शेवटची भैरवी म्हणायची आणि जिंकलेल्यांनी त्यांना टाळांची साथ द्यायची. त्यामुळं अप्पांची भैरवी अशी काही तयार झाली होती की लोक तेवढ्यासाठी थांबायचे. आम्ही हरावं असं मलासुद्धा वाटायचं, खोटं कशाला सांगू! अप्पा मात्र वैतागायचे. "भैरवी चांगली, भैरवी चांगली! आरं, एकदा तरी जिकून गप घरी जाऊ द्या की मला."

पुढं मी हैदराबादला कार्टून काढायच्या नोकरीला लागले. आमच्या मालिकेत तलवारी नाहीत, सगळी लढाई वाद्यांची. मृदंगाच्या थापेनं तट कोसळतात, बासरीची ढाल होते आणि एक राजकन्या वीणेच्या तारेतून विजा सोडते. मला पहिल्यांदाच एक अख्खी लढाई एकटीनं करायला मिळाली. राजकन्येसमोर आठ हातांचा राक्षस, पेटी वाजवणारा. भाता ओढला की वादळ सुटतं. पण माझा राक्षस पेटी वाजवतोय की कणीक मळतोय, तेच कळेना. तशी मी गावी आले आणि मोबाईल अप्पांच्या बोटांवर रोखला.

"मी कोण हाय ह्याच्यात?"

"राक्षस."

"हात किती?"

"आठ."

"आठ! मंग चार पेट्या की गं!" अप्पा इतके खूश झाले की त्यांनी भाता दणादणा ओढला. आतून त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणतो, ओरडली, "पेटी फाडायलाव का वं?"

चित्रीकरण संपायच्या आधी अप्पांनी हळूच विचारलं, "मी जिकतो न्हवं?"

गोष्टीत राक्षस हरत होता. हरून फुटत होता. पण ते सांगितलं असतं तर अप्पांनी तिथंच पेटी मिटली असती आणि मला ते हात हवे होते. मी म्हणाले, "व्हय, अप्पा."

दोन महिन्यांनी कच्चं काम दाखवायला गेले. जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप, भोवती गल्लीतली सगळी पोरं. राजकन्येनं शेवटची तार छेडली आणि राक्षस फटाक्यासारखा फुटला. पोरांनी उड्या मारल्या. अप्पा पेटी उचलून घरात गेले. जाताना एवढंच म्हणाले, "खोटं बोललीस की गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हॉर्न वाजला. मी बाहेर येईतो अप्पा पेटी घेऊन ओट्यावर बसलेलेच.

"हरलो ते हरलो. पण फुटलो कामून? हरल्याली माणसं फुटतेत व्हय? भैरवी म्हणतेत. काढ तुझा मोबाईल."

त्या दिवशीसारखी भैरवी मी पुन्हा ऐकली नाही. ऑफिसात ती लढाई पुन्हा काढली. आठ हात हळूहळू शांत होतात, राक्षस भैरवी वाजवतो आणि राजकन्या वीणा टेकवून त्याला साथ करते. आमच्या साहेबांनी तीनदा बघितलं आणि फुटणं रद्द केलं. तो भाग टीव्हीवर लागल्यावर अप्पांनी एकाही प्रवाशाला सोडलं नाही. "राक्षस बघितलाव का? त्यो मी हाय!" म्हातारी माणसं घाबरून सरकून बसायची.

गेल्या वर्षी अप्पा गेले. अचानकच गेले. मला पोचताही आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

मोबाईलवरून उतरवलेले त्यांचे हात मात्र माझ्या कॉम्प्युटरात आहेत. मालिकेत कुणाच्या हाती पेटी आली की मी तेच लावते. एका म्हाताऱ्या राणीला लावले, एका माकडालाही लावले. गेल्या महिन्यात मालिकेतली शेवटची लढाई केली. तीत वीणा तुटते, राजकन्या पेटी ओढून घेते आणि सगळ्यांना हरवते. कोवळ्या मनगटांपुढं ती अप्पांची बोटं पळत होती. भर ऑफिसात मला रडूही आलं आणि हसूही. तशीच बाहेर जाऊन मी अक्काला फोन लावला.

"अक्का, अप्पा जिंकले."

काय, कुठं, कसं, काही विचारलं नाही तिनं.

"मला काय सांगायलीस?" ती म्हणाली. "चिंताकीला फोन लाव आधी!"