भांग पाडून बसा

शिरूरच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा अपंगांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला अपंगत्व दिसेल असा पूर्ण फोटो लागायचा. पोलिओने वाळलेला माझा डावा पाय मी घरातसुद्धा झाकून ठेवायचो. पण शिष्यवृत्तीशिवाय पुढचं शिक्षण जमणार नव्हतं.

एसटी स्टँडमागच्या ज्या फोटोवाल्याकडे गेलो, त्याचं नाव मी विचारलंच नाही. लेन्सवर दोनदा फुंकर मारायची त्याची सवय तेवढी आठवते. मी चाचरत काम सांगितलं. त्याने पायाकडे पाहिलंही नाही, खिशातला कंगवा पुढे केला.

"फोटो पायाचा पाहिजे," मी म्हणालो.

"व्हय, पर पायासंगं तुमी बी येनारच की! भांग पाडून बसा."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. क्लिक झालं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"सरकारचा झाला," तो म्हणाला. "आता एक तुमच्या आईसाठी. हसा की वाईच!"

शिष्यवृत्ती मंजूर झाली. अर्जावरचा फोटो कुठल्या तरी फायलीत गेला. दुसरा अजून आमच्या भिंतीवर आहे. त्यात मी तोंडभर हसतोय आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेलीच आहे. ती खाली करायची मी विसरलो होतो.