गळलेला शब्द

इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिथे गाठींचे तुकडे काचांवर घेऊन तपासतात, तिथे ती सव्वीस वर्षं टंकलेखनाचं काम करत होती. डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बोलायच्या आणि ही टंकत जायची. बाईंचं वाक्य संपायच्या आत हिचं संपलेलं असायचं. शेजारच्या खोलीतले लोक तिला धडधडताई म्हणत. ती वरवर नाक मुरडायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

शेहेचाळिसावं लागलं आणि उजवं मनगट कुरकुरायला लागलं. आधी मुंग्या, मग कळा, मग एक दिवस हातातली कपबशी सुटून फरशीवर. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, टंकणं निम्म्यावर आणा. पण दिवसाचे साठ अहवाल काही कुणाच्या मनगटाकडे बघून निम्मे होणार नव्हते. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी नोंदणीच्या खिडकीवर बसायचं सुचवलं.

"बघते," ती म्हणाली, आणि त्या दिवशी ताटावरून अर्धपोटी उठली.

"खिडकीवर काय वाईट आहे?" नवऱ्यानं विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठलीही गोष्ट चालते की नाही एवढंच बघायची त्याची सवय.

"तिथे कुणीही बसू शकतं," ती म्हणाली.

मग तिनंच शोधाशोध केली आणि तिला 'उलगडा' सापडला. हा संगणकात बसवायचा एक छोटासा प्रोग्रॅम. आपण दोन-तीन अक्षरांची खूण ठरवायची. ती टंकली की तिच्या जागी अख्खं वाक्य उमटतं. प्रोग्रॅम फुकट तर होताच, शिवाय त्याची आतली सगळी लिखावट उघडी ठेवलेली होती. ज्याला समजते त्यानं बघावी, दुरुस्त करावी, पुढे द्यावी. करणाऱ्यानं स्वतःचं नाव 'गोगलगाय' असं लावलं होतं.

तिनं महिनाभर बसून दोनशे बारा खुणा तयार केल्या. 'कपन' टंकलं की उमटायचं, "तपासलेल्या भागात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत." साठ अहवाल पुन्हा साठच व्हायला लागले, आणि मनगट संध्याकाळी जेमतेम ठणकायचं. खिडकीचा विषय आपोआप मागे पडला. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग 'उलगडा'ची नवी आवृत्ती आली आणि तिनं ती हौसेनं बसवून घेतली.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाई सहीसाठी ठेवलेला एक अहवाल हातात घेऊन तिच्या टेबलाशी आल्या.

"या बाईंच्या गाठीत काही नव्हतं. तुम्ही 'आढळल्या' का लिहिलंय?"

तिनं वाचलं. वाक्य 'आढळल्या' पाशीच थांबलं होतं. पुढचा 'नाहीत' नव्हताच.

दोघींनी दार लावून घेतलं आणि तीन आठवड्यांचे सगळे अहवाल काढून एकेक वाचला. तसे आणखी दोन निघाले. एक अजून कपाटातच होता. दुसरा सहीनिशी आदल्या दिवशी बाहेर गेला होता.

तो एका शाळेच्या पहारेकऱ्याचा होता. मानेतली गाठ, साधी, निरुपद्रवी. डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला, परत ठेवला. "हे फोनवर सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "सही माझी आहे. मी जाते."

"टंकलं मी आहे," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

पहारेकरी घरीच होता. दोन खोल्यांचं घर, बाहेर चपलांची ही रांग. नातेवाईक जमले होते. तो खाटेवर बसला होता आणि त्याची बायको आतल्या खोलीत कपाटातले कागद आवरत होती. डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे न घेता सांगितलं. चूक आमची आहे, तुम्हाला काही झालेलं नाही, हा बरोबर अहवाल. ही हात जोडून म्हणाली, "एक शब्द गळला. माझ्या हातून."

त्यानं नवा कागद दोनदा वाचला. तो ओरडेल, अंगावर येईल असं तिला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मग मी उद्या कामावर जाऊ?"

"जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निघताना त्याची बायको दारापर्यंत आली. "काल दुपारपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतलेला नाही," ती म्हणाली. एवढंच. ते वाक्य धडधडताईच्या काळजात रुतून बसलं ते कायमचं.

'उलगडा' त्याच दिवशी संगणकावरून काढला गेला. मनगट चार दिवसांत पुन्हा सुजलं. पण तिला मनगटापेक्षा दुसरीच गोष्ट पोखरत होती. तीन आठवड्यांत हजाराच्या घरात अहवाल झाले, मग तीनच का? तिनं गोगलगायीला तावातावानं लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं तीन ओळींचं: असं होऊ शकत नाही, मी तपासलं आहे, वाक्य उमटायच्या आत पुढची कळ दाबण्याइतकं वेगानं कुणी टंकत नाही.

"मला खोटी ठरवतोय," ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्यानं तिचं पत्र वाचलं. "यात तू चिडलीयस एवढंच कळतं. लिफ्ट बंद पडली म्हणून लोक फोन करतात तेव्हा मीही कपाळाला हात लावतो. मला हवं असतं, कुठल्या मजल्यावर, वर जाताना की खाली येताना, आत किती माणसं होती. तू त्याला ते दे."

त्या रविवारी सकाळी त्यानं चहाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, तिच्या हातांवर रोखून. घरच्या संगणकावर तीच आवृत्ती बसवून, मनगटाला पट्टा बांधून ती टंकायला बसली. 'कपन', पूर्णविराम, पुढची ओळ. दोनशे वेळा, मध्ये दर वीस वेळांनी हात शेकत. नवरा वहीत रेघा ओढत होता. अकरा वेळा 'नाहीत' गळला, आणि अकराही वेळा तिनं तिन्ही गोष्टी एका दमात केल्या होत्या. सावकाश टंकलं की एकदाही नाही. तिनं चलच्चित्र, वहीच्या पानांचे फोटो आणि संगणकाची सगळी माहिती पाठवली. राग मात्र या वेळी एका ओळीचाही नव्हता.

दोन दिवसांनी उत्तर आलं.

"चूक माझीच आहे. मी स्वतः दोन बोटांनी टंकतो. माणूस एवढा वेगवान असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गळलेल्या शब्दामुळे कुणाचं काही बिघडलं का?"

तिनं पहारेकऱ्याची हकीकत जशीच्या तशी लिहिली, पाण्याच्या घोटासकट. त्याच संध्याकाळी 'उलगडा'च्या पानावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत सूचना लागली: या आवृत्तीत शब्द गळतात, कुणी वापरू नये. आठवड्यानं दुरुस्ती आली. पण सोबत तिला पत्रही आलं. तो दिवसा बियाण्यांच्या गोदामात हिशेबनीस होता, हे सगळं फावल्या वेळात करत होता, आणि आता त्याची छाती होत नव्हती. प्रोग्रॅम बंद करावा म्हणतो, असं त्यानं लिहिलं होतं.

तिनं लिहिलं: "माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस अडकला म्हणून ते लिफ्ट उपसून काढत नाहीत, तपासणीचे दिवस वाढवतात. तुम्ही बंद केलंत तर मी खिडकीवर बसेन. यापुढची प्रत्येक आवृत्ती आधी माझ्याकडे पाठवा. मी हो म्हटल्याशिवाय लोकांना द्यायची नाही."

त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: "कबूल."

'उलगडा' पुन्हा बसवू द्यावा म्हणून डॉक्टरीणबाईंना समजवायला मात्र महिना लागला. शेवटी त्यांनी स्वतःच वाक्य फिरवलं. "नकार शेवटी ठेवायचाच कशाला?" त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या खात्यातला असा अहवाल 'निर्दोष' या शब्दानं सुरू होऊ लागला. शिवाय सहीआधी एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं ऐकायचं. त्यात रोजचा पाऊण तास जाई. दोघींपैकी एकीनंही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

पुढे मनगटाचं ऑपरेशन झालं आणि बरंचसं साधलं. नोकरी तिनं शेवटपर्यंत त्याच खुर्चीवर केली. गोगलगायीला ती एकदाच भेटली. तो कामासाठी शहरात आला होता. इस्पितळाच्या उपाहारगृहात दोघं अर्धा तास बसली. जाडसर, लाजराबुजरा माणूस. त्यानं संकोचत विचारलं, एकदा समोर टंकून दाखवाल का? तिनं त्याच्या संगणकावर पानभर टंकून दाखवलं. तो बोटांकडेच बघत राहिला. काय टंकलं ते त्यानं वाचलंसुद्धा नाही.

आता ती निवृत्त झाली आहे. 'उलगडा' वापरणारे वाढलेत: भाषांतर करणारे, वकिलांकडचे कारकून, एका हातानं अधू असलेली एक शिक्षिका. आवृत्ती आली की ती सकाळची कामं उरकून खिडकीपाशी बसते आणि दोनशे वेळांची तपासणी करते, पूर्वीच्याच वेगानं, कारण सावकाश टंकून काही सापडत नाही हे तिला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात तारखेतला एक आकडा दोनदा उमटताना दिसला, म्हणून तिनं आवृत्ती अकरा दिवस अडवून धरली. लोक वैतागले. एकानं तर विचारलं, कोण आहे ही बाई? गोगलगायीनं परस्पर उत्तर दिलं, "तिला विचारल्याशिवाय मी काही देत नाही." बाराव्या दिवशी दुरुस्त प्रत आली. तिनं पुन्हा पहिल्यापासून दोनशे वेळा टंकलं, मग 'हो' लिहून पाठवलं आणि भाजी चिरायला गेली.