आत्याचा घास आणि भरणारी जखम

माझी आत्या बेकरी चालवते. भट्टीतून पाव निघाला की पहिला तुकडा तिच्या तोंडात आणि लगेच कारागिराला सवाल, "आज कडेला चिवट का झालाय?" प्रश्न विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

छातीतली जळजळ थांबेना म्हणून आतोबांनी तिला दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. अन्ननलिकेच्या अस्तरावर चट्टा निघाला. कॅन्सर नव्हे, पण त्या वाटेला लागलेला. दुर्बिणीतूनच तो सोलून काढता येणार होता. आतोबांचा जीव भांड्यात पडला. आत्याने मात्र खुर्ची पुढे ओढली.

"मग तुमच्या कपाळावर आठी कशाला?"

बाई हसल्या. "चट्ट्याने नळीला जवळजवळ वेढाच घातलाय. एवढी मोठी जखम भरताना नळी आवळते. मग घास उतरत नाही."

"म्हणजे जखम बरी होणं हाच घोटाळा?"

"तुमच्या हातावर भाजल्याचा वण आहे ना? तिथली कातडी ओढली गेलीय की नाही?"

आत्याने मनगट वळवून पाहिलं. "होय की! मग आत तसं होऊ नये म्हणून काय करता?"

"चट्टा काढल्या काढल्या जखमेच्या तळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन. नंतर त्याच्याच गोळ्या, हळूहळू कमी करत. पण मनाने बंद करायच्या नाहीत. आणि गिळताना काही अडलं, तर लगेच यायचं."

चट्टा नीट निघाला. आधी पातळ, मग मऊ खाणं. गोळ्यांनी तिची झोप उडाली, भूक खवळली आणि पाव मात्र बंद. चाखायचं काम माझ्याकडे आलं.

"कसा लागतोय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? तोंड आहे की पोस्टाची पेटी?"

गोळ्या संपल्या, साधं जेवण सुरू झालं. मग एका सकाळी दुधात बुडवलेला पाव छातीमागे अडला.

"घाईत खाल्लं असशील," आतोबा म्हणाले.

"घाईत तर मी जन्मभर खातेय. हे वेगळं आहे."

त्याच दिवशी आम्ही गेलो. नळी जराशी आवळली होती. आत बारीक फुगा नेऊन ती ताणून रुंद केली. आत्याला फुग्याचंच कुतूहल. "आत फुटला तर?" तिने बाईंना विचारलं.

"बेताने फुगवतो आम्ही," बाई म्हणाल्या. "तुम्ही लवकर आलात, म्हणून एवढ्यावर भागलं. फुगा पुन्हा लागलाच तर पुन्हा करू."

पुन्हा लागला नाही. पुढच्या तपासणीत नळी मोकळी होती, चट्ट्याचा मागमूस नव्हता. तरी अधूनमधून पाहत राहायचं ठरलं. परतताना आत्याने दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये सँडविच मागवलं, सावकाश चावलं आणि गिळलं. आतोबा श्वास रोखून बघत होते.

"उतरला," ती म्हणाली. "पण पाव कालचा आहे." आणि तो कुणाकडून येतो हे विचारायला ती थेट आत गेली.