शेपटी शोधताना

माझा धाकटा भाऊ डेलमर ओक्लाहोमात आमच्याच गल्लीत राहतो. जन्मभर ट्रक चालवला, रविवारचं चर्च चुकवलं नाही, दारूला शिवला नाही. तरी त्याच्या बैठकीत व्हिस्कीची बाटली राजरोस उभी असते. पाद्रीबाबांनी विचारलं, तर शेजारच्या काचेच्या पेटीतल्या अजगरिणीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती डचेससाठी." पाद्रीबाबांनी टोपी उचलली आणि घर गाठलं.

डचेस पसरली तर माझं स्वयंपाकघर तिला पुरायचं नाही. पेटी एकट्यानं उघडायची नाही, हा नियम. जोडीला त्याची बायको रोवेना असे. रोवेना वारली, आणि मुलानं, टॅव्हिसनं, बजावलं, "दुसरं माणूस नसेल तर अजगर इथून जाणार." म्हणून मी सापडले.

"सोपं आहे गं ताई. ह्या लांब दांड्याच्या आकडीनं तिच्या अंगाला हळूच शिवलं की तिला कळतं, आज जेवण नाही. विळखा पडलाच तर शेपटीकडून सोडव. दात सोडत नसेल तर तोंडावर व्हिस्की."

"आणि मला चक्कर आली तर?"

"थोडी तूही घे."

त्या दिवशी त्यानं डचेसच्या जेवणाचा बर्फातला ससा काढून मऊ व्हायला मोरीत ठेवला होता. मी आले तशी म्हणाला, आधी पेटी साफ करू. आकडी लावली. सशाला लावलेले हात मात्र त्यानं धुतले नव्हते. डचेसनं त्याचं मनगट दातांत धरलं आणि बघता बघता दंडापर्यंत वेटोळी घातली.

"शेपटीकडून, ताई!"

"अरे, पण कुठाय शेपटी?" सगळी नक्षी एकसारखी. हाताला आलं ते ओढलं.

"ते मधलं आहे! आवळतेय ती!"

"मग नीट सांग की मेल्या!"

त्याची बोटं जांभळी पडली. शेवटी टोक सापडलं, त्याच्याच काखेत. भिजलेली गोधडी उलगडावी तशी मी एकेक वेटोळं सोडवलं. व्हिस्की ओतली, निम्मी तिच्या तोंडावर, निम्मी माझ्या बुटांवर. तिनं दात सोडले.

पट्टी बांधून घेताना डेलमर म्हणाला, "तिचा दात नाही ना गं मोडला? आकडी म्हणते जेवण नाही, हात म्हणतो ससा. तिनं करावं काय?"

माझं काय व्हावं, हे कुणी विचारलं नाही.

टॅव्हिस आला. वास घेतला, पट्टी पाहिली. "आत्या, तू होतीस म्हणून. पुढच्या वेळी येशील? नाहीतर आजच हिला नेतो."

डेलमर माझ्याकडे बघेना. पेटीत परत ठेवलेली डचेस बघत होती, माझ्याकडे की मोरीतल्या सशाकडे, देव जाणे.

"आधी ह्याला हात धुवायला लाव," मी म्हटलं.

ह्यात हो होतं की नाही, मलाच उमगलं नव्हतं. पण डेलमर उठून साबण शोधायला लागला.