किट्टूमामांचा उत्तररंग

मध्यंतराचे दिवे लागले आणि मी शेजारच्या खुर्चीतल्या किट्टूमामांना म्हणालो, "काय कथा आहे मामा. कुणाच्या डोक्यातून निघाली असेल?" मामा उठले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "माझ्या." मग सरळ बाहेर गेले. माझा मुरुक्कू, म्हणजे तमिळ चकली, हातातच राहिला. नको ते नेमक्या वेळी बोलणं, ही माझी जुनी हातोटी.

किट्टूमामा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले आमचे शेजारी. शाळेत विज्ञान शिकवायचे, पण घराणं कीर्तनकारांचं. त्यामुळे गुरुत्वाकर्षणसुद्धा पूर्वरंग आणि उत्तररंग करूनच शिकवत: आधी सिद्धांत, मग त्याचं आख्यान. गल्लीत केबल आली आणि घरोघरी परग्रहावरची माणसं उतरू लागली, तेव्हा मामा रोज बघत, रोज चिडत आणि तमिळ वळणानं मला म्हणत, "नुसतं यंत्र दाखवलं म्हणजे झालं काय डा? आधी नियम सांग. मग तोच नियम सांगणाऱ्याच्या गळ्यात अडकव. दुसरं जमलं तरच कथा."

त्यांनी स्वतः एक रचली होती. कावेरीच्या कालव्यावरचा इंजिनियर असं दार बांधतो, की त्यातून पुढच्या वर्षांचं पाणी आज येतं. नियम एकच: उद्याचं पाणी आज आणलं, तर ते उद्या नसेल. शेतं पिकतात, इंजिनियरचा सत्कार होतो, आणि एके दिवशी दारातून पाण्याऐवजी धूळ येते. पलीकडून कुणीतरी दार ठोठावतं. मध्यंतर.

शेखर हा मामांचाच विद्यार्थी, मद्रासला सिनेमे काढणारा. तो एकदा घरी आला, फिल्टरची कापी प्यायला, आणि इथवर ऐकून म्हणाला, "पुढं काय, सर?"

"पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालतात. मग उत्तररंग. तू हार घेऊन ये." म्हणजे कथालेखक म्हणून मामांचं नाव कागदावर घालून आण.

"जाऊन येतो, सर," म्हणून शेखर गेला. आला तो थेट पडद्यावर, कथालेखक म्हणून.

त्या दिवशी मी तिकीट काढलेलं, म्हणून उरलेला सिनेमा बघून मगच मामांच्या मागे गेलो. "दार ठोठावणारा परग्रहावरचा खलनायक निघाला," मी सांगितलं, "आणि नायिका बर्फात नाचायला गेली." मामांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच समाधान पाहिलं. "सरी, ठीक झालं," ते म्हणाले. "नियम सांगितला आणि सोडून दिला. आता तो मी अडकवतो."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या खेळाच्या मध्यंतराला मामा थिएटरच्या आवारातल्या कडुलिंबाखाली उभे राहू लागले. खणखणीत तमिळमध्ये विचारत, "दार कोण ठोठावतंय, ठाऊक आहे? त्या इंजिनियरचीच नातवंडं. तहानलेली. आपलं पाणी परत न्यायला आलीत." घंटा व्हायची, आत कुणी जायचं नाही. गोष्ट रंगायची, म्हातारी झालेली नात रिकामं भांडं आजोबांच्या पुढ्यात ठेवायची, इंजिनियर दाराला हात लावायचा, आणि मामा थांबायचे. "हार आणलाय कुणी?" लोक हळहळत घरी जायचे, आणि आत नायिका रिकाम्या खुर्च्यांपुढे नाचायची.

"मामा, पुरे आता," मी एकदा म्हणालो. "तुमचाच विद्यार्थी तो."

"म्हणूनच. परक्याला मी माफ केलं असतं."

शेवटी शेखर स्वतः आला. हातात संपंगीच्या फुलांचा जाडजूड हार. "सर, शेवट सांगा. दुसरा अर्धा पुन्हा काढतो, तुमचं नाव घालतो." मामांनी मान पुढे केली नाही. हार हातात घेतला, वास घेतला, चहावाल्याचं स्टूल मागून त्यावर चढले आणि सिनेमाच्या पोस्टरला घातला. गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा. खाली उतरून हात जोडले.

"गेला बिचारा. शेखरा, घरी जाऊन आंघोळ कर."

सिनेमा त्याच आठवड्यात उतरला. मामांनी त्या दिवशी आमच्याकडे दोनदा कापी मागून घेतली. हार गळ्यात पडला असता तर नावही पडद्यावर आलं असतं, हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते नुसते हसले, आणि बशीत सांडलेली कापीही प्यायले.

मामा गेल्या वर्षी गेले. तेराव्याला त्यांच्या फोटोला मीच हार घातला. घातला आणि चरकलो: हार तर पडला, आता उत्तररंग कोण सांगणार?

घरी येऊन बायकोला म्हणालो, "कथेचा शेवट मामांबरोबरच गेला बघ."

"जाईल कसा? मला सांगितलाय की," ती कढीपत्ता निवडत म्हणाली.

मी पाट ओढून समोर बसलो. "मग सांग."

"तेवढं मात्र तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलंय मामांनी. तुमच्या तोंडाला मध्यंतर नाही, म्हणाले."