हलके बोल्ट

वहिनी लेकीला, मिनीला घेऊन कायमची माहेरी गेली, तेव्हापासून दादाला आपली स्पोर्ट्स कार हलकी करायचं वेड लागलंय. आज पार्किंगमध्ये तो चाकांना टायटॅनियमचे बोल्ट बसवत होता. एक त्याने माझ्या तळहातावर ठेवला. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं.

आई बोल्टांना हळदकुंकू लावू लागली.

“पुरे गं, वजन वाढेल!” दादा कितीतरी दिवसांनी हसला.

“मग मागची मिनीची बेबी सीट काढ की,” आई म्हणाली. “केवढी जड आहे ती!”

“ती राहू दे.”

बोल्टांनी असं कितीसं वजन उतरणार? पण उतरवता येण्यासारखं तेवढंच असावं. दादा पुढच्या चाकापाशी जाऊन बसला. मिनी आता त्या सीटमध्ये मावणारसुद्धा नाही, हे आम्ही कुणीच बोललो नाही.