तारखेच्या पानावरचं खोटं नाव

छापखान्याच्या मालकांची चिठ्ठी आली, ‘उद्या चार वाजता केबिनमध्ये या, त्या कवीचं पुस्तक घेऊन,’ आणि आमचे हे जे पांढरेफटक पडले ते पडलेच.

ह्यांचं काम तिथं दिनदर्शिकेच्या तारखेच्या पानांचं. रोज एक पान फाडायचं. वर निसर्गचित्र, खाली सुविचार. चित्रं हेच रंगवतात, डोंगर, ओढा, एखादी पायवाट. सुविचारांच्या सात वह्या, कवितांच्या वेगळ्याच! ताप आला तरी गोळीआधी वही शोधणारा माणूस. मी म्हणायचे, "वहीशीच लग्न करायचं होतंत."

"पण एवढं घाबरायला झालं काय?" मी विचारलं.

तेव्हा कुठे तोंड उघडलं. मशीन खोळंबलं होतं, एक सुविचार कमी पडला आणि वह्या घरी. ह्यांनी स्वतःच एक ओळ लिहिली. नावाशिवाय सुविचार छापायचा नाही, हा मालकांचा नियम. म्हणून खाली कुण्या कवीचं खोटंच नाव ठोकून दिलं.

"अहो, काय अवदसा आठवली तुम्हाला!" मी ओरडले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ह्यांच्या आधीच्या माणसाला असल्याच लबाडीपायी मालकांनी उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. ओळ कुठली म्हणून विचारलं, तर सांगेनात.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शर्टाची बटणं वरखाली लावली, ती मी सोडून पुन्हा लावली. एकट्याला सोडवेना, मीही गेले. केबिनबाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं.

"पुस्तक आणलंत?" मालक.

"पुस्तक नाही, साहेब. तसा कवीही नाही. मीच लिहिलंय ते."

गेली नोकरी, म्हणत मी पिशवी छातीशी धरली.

मग मालकांचा आवाज आला, पार उतरलेला. "आई अंथरुणाला खिळलीय माझी. ते पान उशाखाली ठेवते, रोज माझ्याकडून वाचून घेते. तिला आणखी हवंय. लिहाल?" आणि त्यांनी ओळ वाचली: "जिथं जायचं राहून गेलं, तिथलं आभाळ माणूस रोज घरात बसून बघतो."

हे हसत बाहेर आले. "वाचलो गं! चल, चहा घेऊ."

मी बाकावरच बसून राहिले. एकतीस वर्षं त्याच घरात मी ह्यांच्या शेजारी बसलेय. कुठं जायचं राहून गेलं ह्यांचं? की कुणाकडे? विचारायला तोंड उघडलं, पण उत्तराचीच भीती वाटली.

"चला," एवढंच मी म्हणाले.